'टाइम इज ऑन माय साइड': नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण निवडावं?

हे गाणं इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचंच, असं धरून बहुतेक जण ते शोधतात. गायला शिकायचं असेल तर ते बाजूला ठेवा आणि न्यू ऑर्लिन्सच्या अर्मा थॉमस यांचं, इम्पीरियल कंपनीचं १९६४ चं ध्वनिमुद्रण घ्या.

सर्वांत आधीचं मुद्रण १९६३ चं, जॅझ ट्रॉम्बोनवादक काई विंडिंग यांचं. संगीतकार जेरी रॅगोवॉय यांच्या या गाण्यात तेव्हा शब्द जेमतेम दोन ओळींचे होते. तेवढे मागच्या गायिका म्हणतात (त्यांत डिऑन वॉरविकही आहेत), बाकी सगळी चाल ट्रॉम्बोनवर. चालीचा सांगाडा इथे स्वच्छ कळतो, पण गायला हाती काही लागत नाही.

अर्मा थॉमससाठी संगीत-संयोजक एच. बी. बार्नम यांनी जिमी नॉर्मन यांच्याकडून कडवी लिहून घेतली. आज सगळ्यांना पाठ आहेत ते हे शब्द. मधला तुकडा त्या गात नाहीत, बोलतात. पण बोलताना लय सुटत नाही, हे मुद्दाम ऐका. स्टोन्सचे गायक मिक जॅगर यांनी तोही तुकडा उचलला. स्टोन्सच्या तबकडीवर मात्र गीतकार म्हणून फक्त 'नॉर्मन मीड'. ते रॅगोवॉय यांचं टोपणनाव, जिमी नॉर्मन नव्हेत. कडवी लिहिणाऱ्याचंच नाव गळावं, हा उघड अन्याय आहे.

स्टोन्सची मुद्रणं दोन आहेत आणि घोळ इथेच होतो. सुरुवातीला ऑर्गन वाजला तर ते आधीचं: अमेरिकेतली १९६४ ची सिंगल आणि '१२ × ५' अल्बम. गिटार वाजली तर नोव्हेंबर १९६४ मध्ये शिकागोच्या चेस स्टुडिओत केलेलं; 'हॉट रॉक्स' संग्रहात हेच आहे. गिटार शिकणाऱ्यांनी दुसरं घ्यावं, त्यातली सुरावट ठसठशीत आहे.

कोणतंही निवडलंत तरी सरळ चार-चार मोजू नका, गाणं लगेच ताठर होतं. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात, त्यामुळे दादऱ्यासारखं तीन-तीन मोजलं की शब्द आपोआप जागेवर बसतात. आणि अर्मा थॉमस यांचं मुद्रण घेताना सालही पाहा: नंतरच्या मैफलींतली मुद्रणंही याच नावाने सापडतात.