शोकातल्या मुलाच्या कवितेला साधी स्पायरल वहीच बरी

घरातलं माणूस गेलं की चौदा-पंधराच्या पोराला ‘माझ्यामुळेच झालं’ हे आतून खात असतं. त्याला कुलूपवाली देखणी डायरी देऊ नका. पान खराब होईल म्हणून तो लिहिणारच नाही.

१०० पानी, एकरेघी स्पायरल घ्या. अपराधी वाटायला लावणारी ओळ लिहिली की मुलं पान फाडतात. शिवलेल्या वहीत त्याचं जोडपानही सुटतं आणि चांगली कविता हातची जाते. स्पायरलमध्ये फाडलं तेवढंच जातं. कागद ७० जीएसएमचा, म्हणजे जरा जाड हवा, नाहीतर जेल पेनाची शाई मागे उमटते. तारेची टोकं मात्र दप्तरात अडकतात.

सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं पुरे. झोपायच्या तोंडावर नको. लिहिल्यावर काही वेळ मन जास्तच जड होतं. कोरं पान अंगावर येत असेल तर मोठ्या अभंगाचा साचा द्या: ६-६-६-४ अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. ‘फोन उचलला असता तर’ यातलं ‘फोन उचलला’ बरोबर सहात बसतं. पुढचं बसवताना शब्द निवडावे लागतात, विचारांचं गरगरणं जरा थांबतं.

वही चोरून वाचू नका, फार वाईट होतं ते. पण तो जगणं नको म्हणाला, तर वहीवर विसंबू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, मोफत, चोवीस तास.