इंडिपेंडन्स रॉक, वायोमिंग : खडकावर चढणार असाल तरच थांबा

वायोमिंगमधील कॅस्परहून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या २२० क्रमांकाच्या महामार्गावर सुमारे ५५ मैलांनंतर इंडिपेंडन्स रॉकचा थांबा लागतो. प्रवेश विनामूल्य आहे. वाहनतळ, स्वच्छतागृह आणि माहितीफलक यांपलीकडे फारशी सोय नाही, त्यामुळे इंधन, पाणी आणि खाण्याचे पदार्थ कॅस्परहूनच घेऊन निघालेले बरे.

महामार्गावरून पाहणाऱ्याची निराशा होण्याचीच शक्यता अधिक. सुमारे १३० फूट उंच आणि १,९०० फूट लांब असा हा ग्रॅनाइटचा खडक माळावर पालथ्या परातीसारखा पडून आहे. नेब्रास्कातील चिमनी रॉकचा नजरेत भरणारा सुळका येथे नाही. मात्र १८४०च्या दशकापासून ओरेगन, कॅलिफोर्निया आणि यूटाकडे बैलगाड्यांनी निघालेली कुटुंबे स्वीटवॉटर नदीच्या काठाने येथे पोहोचत आणि ४ जुलैपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत, हा खडक गाठला तर पुढचे डोंगर बर्फ पडण्याआधी ओलांडता येतील, असा त्यांचा हिशेब असे.

येथवर आलेल्यांनी खडकावर आपली नावे लिहिली. डांबराने किंवा गाडीच्या वंगणाने लिहिलेली बहुतेक नावे पुसली गेली, छिन्नीने कोरलेली अनेक टिकली. ‘मायलो जे. एयर, वय २९, १८४९’ असा मजकूर वाचताना त्या माणसाने वयही आवर्जून कोरावे, याचे नवल वाटते. काही अक्षरांवर दगडफूल चढले आहे. तिरप्या उन्हात ती अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून भर दुपार टाळावी. आपल्याकडे गडांच्या भिंतींवर नावे खरडणाऱ्यांचा राग येतो, तो येथे क्षणभर अडखळतो. अर्थात आज येथे नवे नाव कोरणे हा जुन्या नोंदींचा विध्वंसच ठरेल.

माझी तक्रार एवढीच, की फलकांवरून वाटेचा इतिहास कळला, तरी कोणते नाव कोठे आहे याचा शोध ज्याचा त्यानेच घ्यावा लागतो. त्यामुळे वाहनतळावरूनच छायाचित्र काढून निघून जाणाऱ्याला येथले खरे काही दिसतच नाही. चढ कठीण नाही, पण दगड गुळगुळीत असल्याने पकड असलेले बूट हवेत आणि वाऱ्याची तयारी हवी. माथ्यावरून स्वीटवॉटरचे वळणदार पात्र आणि तिने डोंगर कापून केलेली डेव्हिल्स गेट ही खिंड दिसते. ज्येष्ठांना चढणे जमणार नसेल, तर पायथ्याने एक मैलाहून थोडी अधिक असलेली फेरी घालावी. खालच्या अंगालाही नावे आहेत.