निवासी प्रशिक्षण की बांधावरची शेतीशाळा?

तालुक्याला काम करणाऱ्या एका मित्राला पेच पडलाय. हवामान बदलासाठी कृषी सहायक आणि पशुधन पर्यवेक्षक तयार करायचे, तर त्यांना नागपूरच्या वनामतीत (कृषी विस्ताराच्या राज्य प्रशिक्षण संस्थेत) किंवा विभागाच्या रामेतीत (तशाच विभागीय संस्थेत) राहून शिकायला पाठवावं, की गावातच हंगामभर शेतीशाळा, म्हणजे शेतात बघत शिकायचा वर्ग, चालवावी?

वेळेचं म्हणाल तर निवासी वर्ग सोपा. थोड्या दिवसांत विषय उरकतो. शेतीशाळेला पेरणीपासून काढणीपर्यंत पुन्हा पुन्हा माणूस लागतो, आणि पदं रिकामी असली की तोच मिळत नाही. ही अडचण खरी आहे.

पण टिकतं काय ते पाहा. तापमान-आर्द्रता निर्देशांक ७२ च्या वर गेला की दुभत्या संकरित गाईवर ताण येऊ लागतो, हे वर्गात कळतं. ती धापा टाकतेय, लाळ गाळतेय, वैरण सोडून हौदाशी उभी आहे, हे दुपारी दोनला गोठ्यातच दिसतं. रुंद वरंबा-सरीवरचं (रुंद गादीवाफा आणि दोन्ही बाजूंना सरी) सोयाबीन पावसाच्या खंडात कसं तग धरतं, तेही शेजारचं सपाट रान बघूनच पटतं. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात शेतीशाळा होत्याच.

नव्याने रुजू झालेल्यांना आधी वर्ग द्या, निदान हवामान सल्ला नीट वाचता येईल. गावं फिरून मुरलेल्यांना मात्र शेतीशाळाच हवी.