बूट-रिपेअर: दुरुस्तीच्या बटणाआधी अहवाल वाचावा

विंडोज असलेल्या संगणकावर शेजारी लिनक्स बसवले, इन्स्टॉलरने काम पूर्ण झाल्याचे सांगितले आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे उमटली, की अनेकांना वाटते की विंडोज गेले आणि त्यासोबत हिशेब, फोटो, सगळेच गेले. इन्स्टॉल करताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला नसेल, तर बहुतेक वेळा दोन्ही प्रणाली आपापल्या पार्टिशनवर (डिस्कच्या स्वतंत्र भागावर) शाबूत असतात. फर्मवेअरला, म्हणजे संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नसते, एवढेच. ही जोडणी पूर्ववत करण्यासाठी बूट-रिपेअर हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर मी बराच काळ वापरत आलो आहे. त्याचे नाव दुरुस्तीचे असले तरी त्याचा खरा मोलाचा भाग म्हणजे ते तयार करून देते तो अहवाल, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोज १० साठीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून जुन्या पण धडधाकट संगणकांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू बसवण्याकडे लोकांचा कल वाढणे स्वाभाविक आहे. मात्र आपल्याकडे टॅलीसाठी किंवा श्रीलिपीसाठी विंडोज ठेवावेच लागते, आणि म्हणून दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर नांदवण्याची वेळ येते.

बूट-रिपेअर मिळवणे अवघड नाही. लिनक्स मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (इन्स्टॉल न करता ज्यावरून थेट लिनक्स चालवता येते) ते मेनूतील अॅडमिनिस्ट्रेशन विभागात आधीपासूनच असते, उबुंटूच्या लाइव्ह सत्रात पीपीए (सॉफ्टवेअरचा जादा ऑनलाइन साठा) जोडून ते घेता येते. इंटरनेट जोडलेले असावे. उघडल्यावर छोट्या खिडकीत दोन बटणे दिसतात: एक शिफारस केलेल्या दुरुस्तीचे आणि दुसरे बूटची माहिती गोळा करण्याचे. घाबरलेला माणूस साहजिकच पहिले दाबतो. मी प्रत्येकाला दुसरे आधी दाबायला सांगतो.

त्यातून निघणारा अहवाल लांबलचक आणि दिसायला रुक्ष असतो, पण सगळा वाचण्याची गरज नसते. सुरुवातीच्या ओळींत कोणत्या डिस्कच्या एमबीआरमध्ये (डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या छोट्या भागात) कोणता बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम, आहे ते लिहिलेले असते. त्यानंतर एकेका पार्टिशनची फाइल सिस्टिम, तिथे सापडलेली प्रणाली आणि बूटच्या फाइली यांची नोंद येते. शेवटाकडे 'सुचवलेली दुरुस्ती' असा एक परिच्छेद असतो, आणि शिफारशीचे बटण दाबल्यास कोणत्या पार्टिशनवरील ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) पुन्हा बसवले जाईल आणि त्यासाठी कोणते ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली ठेवण्याचे पार्टिशन) वापरले जाईल, हे त्यात आधीच सांगितलेले असते. काहीही बदलण्यापूर्वी आपण काय करणार आहोत हे इतक्या सरळपणे सांगणारी साधने मला फार थोडी भेटली आहेत.

ओळखीच्या एका छपाईच्या दुकानातील संगणकावर याचा चांगला प्रत्यय आला. एसएसडीवर विंडोज होते, जुन्या हार्ड डिस्कवर नव्याने मिंट बसवले होते, आणि पेनड्राइव्ह सुरू व्हावा म्हणून कोणीतरी बायोसमध्ये लेगसी मोड (बूट करण्याची जुनी पद्धत) चालू करून ठेवला होता. परिणाम असा, की लेगसी मोडमध्ये मिंट सुरू होई पण विंडोज होत नसे, आणि यूईएफआय मोड (नवी पद्धत, हिलाच ईएफआयही म्हणतात) परत लावला की विंडोज येई आणि मिंट नाहीसे होई. अहवालात कारण स्पष्ट दिसत होते: ग्रब हार्ड डिस्कच्या एमबीआरमध्ये होते, तर एसएसडीवरील ईएफआय पार्टिशनमध्ये विंडोजच्या फाइलींखेरीज काहीच नव्हते. दोन प्रणाली दोन वेगवेगळ्या पद्धतींनी बसवल्या गेल्या होत्या. चालू सत्र लेगसी मोडमध्ये असल्याने संगणक पुन्हा सुरू करून ईएफआय सत्रातून हे सॉफ्टवेअर वापरावे, अशी सूचनाही बूट-रिपेअरने स्वतःहून दिली. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह पुष्कळदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून; यातला दुसरा निवडायचा असतो. तसे केल्यावर अहवालातील सुचवलेली दुरुस्ती बदलली, ईएफआयसाठीचे स्वाक्षरी असलेले ग्रब एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये बसवण्याचा बेत त्यात दिसू लागला, आणि तो आम्हाला हवा तसाच असल्यामुळे मग निर्धास्तपणे शिफारशीचे बटण दाबले. पुढच्या खेपेला ग्रबच्या यादीत दोन्ही नावे होती.

दुरुस्ती संपल्यावर येणारा शेवटचा संदेश घाईने बंद करू नये. फर्मवेअरमध्ये 'शिमएक्स६४' या फाइलीची (ग्रबच्या आधी चालणाऱ्या 'शिम' या छोट्या प्रोग्रामची) नोंद पहिल्या क्रमांकावर आणायला विसरू नका, असे त्यात बजावलेले असते. दुरुस्ती होऊनही यंत्र थेट विंडोजमध्ये जात असेल, तर आधी हा क्रम तपासावा. बूट-रिपेअर पुन्हा पुन्हा चालवून काही साधत नाही. अहवाल पेस्टबिनवर (मजकूर ठेवण्याच्या संकेतस्थळावर) चढवून त्याचा पत्ता कागदावर उतरवून घेण्याची सोयही त्यात आहे, आणि जाणकाराला नुसता पडद्याचा फोटो पाठवण्यापेक्षा हा पत्ता पाठवणे कितीतरी उपयोगाचे ठरते. अहवालात डिस्कची रचना आणि सेटिंगच्या फाइलींचा मजकूर असतो, एवढे लक्षात ठेवून तो पाठवावा.

काही बाबतीत या साधनाकडून अपेक्षा ठेवू नये. विंडोजच्या ड्राइव्हवर बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल, तर बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूटची (फक्त स्वाक्षरी असलेले बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीची) सेटिंग बदलल्यानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी असल्याशिवाय कोणत्याही दुरुस्तीला हात घालू नये. दुरुस्तीनंतर ग्रबच्या यादीत फक्त विंडोजच दिसत नसेल, तर कारण बहुधा वेगळे असते: २०२१ मधील ग्रब २.०६ पासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवला जातो, आणि काही वितरणांत तो ग्रबच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. ऑगस्ट २०२४ मधील विंडोज अद्यतनानंतर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या अनेक संगणकांवर 'एसबॅट'चा उल्लेख असलेली सुरक्षाविषयक चूक दिसू लागली होती. तिथे दोष सिक्युअर बूटने जुने शिम नाकारण्यात होता, त्यामुळे सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जाणे आणि शिम अद्ययावत करणे हा उपाय अधिक योग्य होता. डिस्कच खराब होत चालली असल्याची शंका असेल, तर प्रगत पर्यायांतील फाइल सिस्टिम दुरुस्तीला मुळीच हात लावू नये. लाइव्ह सत्रातूनच महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात आणि मगच बूटकडे वळावे.