नागपुरात बर्डीवरून कासव घेताय? आमचे ८,७३० कसे गेले ते आधी वाचा

घरच्या कासवाचे डोळे सुजले आणि दुकानदारानं "कासव स्पेशालिस्ट"चा व्हॉट्सअ‍ॅप नंबर दिला, तर त्याला एक रुपयाही पाठवू नका. आमचा हिशोब देते. जोडी १,६००, टाकी अन् खाऊ १,२५०, डोळ्याचे ड्रॉप ३८०, व्हिडिओ कन्सल्टेशन ५००, इंजेक्शनचा कोर्स ३,२००, शेवटी "इन्फेक्शन रक्तात गेलं" म्हणून १,८००. एकूण ८,७३० आणि दोन्ही पिल्लं मेली.

दुकान बर्डीवरचं. लाल कानपट्टीची हिरवी पिल्लं, रेड इअर्ड स्लायडर, वास्तूला चांगली म्हणून विकतात. "ताई, एवढंच राहाते हे, सुके झिंगे टाकत जा, बस." हेच कासव पुढे फूटभर होतं, वीस-तीस वर्षं जगतं, हे कोणी सांगत नाही. नुसत्या सुक्या झिंग्यांतून व्हिटॅमिन ए मिळत नाही, मग पापण्या सुजतात, डोळे मिटतात, दिसत नाही म्हणून ते खाणं सोडतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी (कवचासाठी लागणारे अतिनील किरण) जवळपास नसते, म्हणून कवचही मऊ पडतं. हे मला नंतर कळलं, दुकानदाराला मात्र सगळं ठाऊक असणार, कारण सुजलेल्या डोळ्यांचा फोटो पाठवताच त्यानं लगेच तो नंबर टाकला, जणू वाटच पाहून राहिला होता.

ज्या क्षणाचा अजून संताप होतो तो हा. त्या "स्पेशालिस्ट सरां"नी पाठवलेला पोरगा घरी आला, पिल्लू मुठीत धरलं आणि सरळ सिरिंज भरली. वजनच केलं नाही! ओट्यावर माझा किचनचा वजनकाटा समोर होता. लेकराला तापाचं औषध द्यायचं तरी डॉक्टर आधी वजन विचारतात. मी विचारलं, तर म्हणे "डोस फिक्स राहाते ताई." व्हिडिओ कॉलवर तो माणूस गळ्यात स्टेथोस्कोप घालून बसलेला, मागे भिंतीवर फ्रेममधलं सर्टिफिकेट, इकडे माझा चार वर्षांचा मुलगा रडून राहिला होता, अशा वेळी कोणत्या आईनं त्या सुईवाल्या पोराला हाकललं असतं सांगा. थोड्याच दिवसांत मानेची अन् पायांची कातडी सोलून निघाली. खऱ्या व्हेटनं काट्यावर ठेवलं तर पिल्लू ३१ ग्रॅमचं! व्हिटॅमिन ए जास्त टोचलं की कातडी अशीच सुटते, त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मुलाला ताप आणि जुलाब. स्टूल कल्चरमध्ये साल्मोनेला निघाला, दवाखान्याचं बिल ११,४६०. बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट पाहून पहिलं विचारलं, घरी कासव आहे का? ठणठणीत दिसणाऱ्या कासवाच्या पोटातही हा जंतू असतो. अमेरिकेत याच कारणानं १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, आणि इथे पाच वर्षांखालच्या लेकरांच्या हातात तीच देतात. टाकीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतू नका, हात साबणानंच धुवा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस स्टेशनला "मॅडम, कासवासाठी एफआयआर?" म्हणून हसले. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणे, पैसे तुम्हीच पाठवले, हा ग्राहकाचा वाद आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर गेले तर दुकानाचं बिल मागतात, आणि बिल तो देतच नाही. वनविभागाचे म्हणाले, स्टार कासव असतं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुमच्यावरच केस झाली असती, हे विदेशी आहे, आमचं नाही. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गाय, बकरी, कुत्रं पाहतात, कासव नाही. मग हे आहे तरी कोणाचं? एक माणूस खोटा डॉक्टर बनून मुक्या जीवाला सुया टोचतो, लेकरू आजारी पडतं, आणि प्रत्येक टेबलावर उत्तर एकच, पुढच्या खिडकीवर जा. सही-शिक्का कुठेच नाही. हे दुकान राजरोस चालू आहे, पोचपावती मागितली तर आम्हालाच डोळे दाखवतात!

व्हेटला राज्य पशुवैद्यक परिषदेचा रजिस्ट्रेशन नंबर विचारा, सर्टिफिकेटचा फोटो चालणार नाही. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, एका बाजूला कलून पोहणं दिसलं की निमोनिया असू शकतो, ड्रॉप टाकत बसू नका. थंडीत कासव सुस्त पडलं आणि कोणी "झोपलंय" म्हटलं तर ऐकू नका. आणि कंटाळून फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडू नका, इथल्या कासवांना आजार लागतात अन् त्यांच्या वाट्याचं खाणंही जातं.

माझ्याकडे यूपीआयचे सगळे स्क्रीनशॉट आणि त्या कॉलचं रेकॉर्डिंग आहे. ज्यांचे पैसे याच पद्धतीनं गेलेत त्यांनी मेसेज करा, ग्राहक आयोगात एकत्र जाऊ.