पन्नास व्होल्टचं सर्टिफिकेट

कॉलेजचं नाव लिहिणार नाही, माझंही नाही. चोवीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला गेनच्या, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याच्या, हिशेबात कोणी गंडवावं, हे सांगताना आजही कान तापतात. गेलेली रक्कम ६२,१८६ रुपये.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कमिटी तीन आठवड्यांवर आली होती आणि लो-नॉइज प्रीअँपचं (अगदी बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राचं) कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून पाहणं, किती तरी वर्षं राहिलं होतं. नेमका तेव्हाच हा कॅलिब्रेशनवाला दारात उभा. हातात टॅबलेट, तोंडी सतत 'ट्रेसेबिलिटी'. अडलेलं गिऱ्हाईक या लोकांना वासावरून कळतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. दर ३८,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ४५,४३०. यंत्र घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी फोन: "मॅडम, इनपुटचा फेट ट्रान्झिस्टर उडालाय, बॅटऱ्या गेल्यात, अ‍ॅडजस्टमेंटही लागेल." आणखी १४,२००, करासकट १६,७५६. दिले!

अकाउंट्सच्या भाऊसाहेबांनी बिल बघून विचारलं होतं, "मॅडम, जीएसटी नंबर २४ने सुरू होतोय, म्हणजे गुजरातचा. मग राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी कसा? परराज्याचा आयजीएसटी हवा." मी म्हटलं, भाऊसाहेब, पेमेंट अडवू नका.

पण ते बिलाचं झालं, माझा विषय नव्हे. माझा विषय सर्टिफिकेटच्या दुसऱ्या पानावर होता. गेन ५०,०००, इनपुट १.००० मिलिव्होल्ट, आउटपुट ५०.०० व्होल्ट. आमच्या प्रीअँपचं आउटपुट पाच व्होल्टच्या वर जातच नाही, तिथेच क्लिप होतं. एवढ्या गेनला तपासायचं तर इनपुट पन्नास मायक्रोव्होल्टवर आणावं लागतं. हाच प्रश्न मी एस.वाय.च्या तोंडी परीक्षेत विचारते. ती ओळ मी वाचली, आकडे कसे छान जुळलेत असंही वाटलं, आणि सही केली. त्या दिवशी टेबलावर एकतीस फायली होत्या. कोणीही केली असती. (नसती केली. कळतं मला.)

नॅक गेल्यावर एम.एस्सी.च्या मुलीचं रीडिंग जुळेना, तेव्हा यंत्र तासभर तापू दिलं आणि डिव्हायडरमधून एक मिलिव्होल्ट, एक किलोहर्ट्झ सोडला. हजारच्या जागी गेन ९३४. दोन्ही इनपुटना एकच सिग्नल दिला तर आउटपुट जवळजवळ शून्य यायला हवं. इथे लाट स्क्रीनभर. झाकण उघडलं. ट्रिमपॉटवरचा (जुळवणीच्या स्क्रूवर सील म्हणून लावलेला) लाल लॅकर जसाच्या तसा, आणि 'नव्या' बॅटरीवर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं २०१८. यंत्र पाठवण्याआधी त्या लॅकरचा फोटो काढा, हे कोणी मला सांगितलं असतं तर!

सर्टिफिकेटवरचा एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) नंबर खराच होता, पण दुसऱ्याच लॅबचा. ती लॅब थर्मामीटर आणि प्रेशर गेज तपासते. नुसतं चिन्ह पाहू नका, वेबसाइटवर त्या नंबराचा स्कोप, म्हणजे काय तपासायची मान्यता आहे ते, उघडा. 'अ‍ॅज फाउंड' (दुरुस्तीआधीचं) रीडिंग आणि अनिश्चिततेचा रकाना नसेल तर तो कागद भेळ बांधायला द्या.

पोलीस ठाण्यात अडीच तास बसवलं. "प्रीअँप म्हणजे डीजेचा का?" मग, "वस्तू परत मिळाली ना? हे दिवाणी आहे." मी कलम पाठ करून गेले होते, जुनं ४२०, आताचं न्याय संहितेचं ३१८. साहेबांना राग आला तो त्याचाच. सायबरकडे पाठवलं. तिथे म्हणाले, माणूस समोर आला होता, हे ऑनलाइन नाही, ठाण्यातच जा. ठाण्यात तोवर अधिकारी बंदोबस्तावर. पाच चकरा झाल्या, अर्जावर पोच मिळाली ती चौथ्या चकरेत. वकील म्हणाले, कॉलेज 'ग्राहक' ठरतं का, यावरच वर्ष जाईल. आणि जीएसटी नंबर? पोर्टलवर टाकला, रद्द झालेला. दोन मिनिटांचं काम होतं. पैसे द्यायच्या आधी करा.

शेवटी मॅन्युअल काढून, प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर घेऊन ऑफसेट, सीएमआरआर (दोन्ही इनपुटवरचा सारखा सिग्नल दाबणं), गेन, त्याच क्रमाने मीच बसवलं. एक दुपार लागली. गेन आता ९९८. तसं लिहून ते खोटं सर्टिफिकेट फाइलमधून काढायला गेले, तर प्राचार्य म्हणाले, "ते राहू द्या मॅडम, नॅकच्या अहवालाला जोडलंय."