प्रोग्रेसिव्ह चष्मा: सात महिन्यांनंतर

चाळिशीचा वेगळा चष्मा सांभाळायचा कंटाळा आला म्हणून प्रोग्रेसिव्ह घेतला. वर लांबचा नंबर, खाली जवळचा +1.75, मध्ये रेघ नाही. शिवाय आयुष्यात पहिल्यांदाच 0.75 चा सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईमुळे येणारा धूसरपणा घालवणारा.

पहिला आठवडा जड गेला. मान वळवली की दाराची चौकट वाकायची, काचेच्या दोन्ही कडांना सगळं पुसट. आणि समोरचं मात्र नको इतकं ठळक! अंगणातल्या लिंबाचं पानन् पान कात्रीने कापल्यासारखं दिसायचं, संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं.

दुसऱ्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं, कडांचा पुसटपणा जाणवतच नाही. मुद्दाम डोळे कडेला नेऊन खिडकीचे गज पाहिले, तर ते तसेच पुसट! म्हणजे काच तीच, सवय झाली होती ती मेंदूला. रेघेशिवाय नंबर वाढवत न्यायचा तर बाजूला धूसरपणा येणारच. फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांच्या अशा काचा 1959 मध्ये बाजारात आल्या, तेव्हापासून कारागिरी खूप सुधारली, पण तो धूसरपणा इकडचा तिकडे सरकवता येतो, काढून टाकता येत नाही.

लिंबाच्या पानांचं कोडं मला दृष्टीचे संशोधक मायकेल वेब्स्टर आणि सहकाऱ्यांच्या 2002 मधल्या प्रयोगाने उलगडलं. काही मिनिटं धूसर चित्र पाहिलं की नंतर साधं चित्रही जास्तच रेखीव वाटतं. मी तर कित्येक वर्षं धूसर बघत होते, आणि मेंदूने तेच 'बरोबर' धरलं होतं. आता ती पानं फक्त पानं दिसतात.

म्हणून चार दिवसांत चष्मा परत करू नका, दिवसभर घाला. अधूनमधून काढून ठेवलात तर सवय लांबते. मात्र सगळंच सवयीवर सोडू नका. माझ्या उजव्या काचेचं केंद्र 2 मिलिमीटर खाली बसलं होतं. वाचताना हनुवटी उचलावी लागायची. 'होईल सवय' म्हणून दुकानदाराने दोनदा परत पाठवलं. काच बदलली आणि त्याच दिवशी वाचन सुरळीत झालं.

दुसरी काळजी आईची. तिला 'नीटच दिसतंय' असं वाटायचं. एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचायला लावलं, तेव्हा डाव्या डोळ्याने तारखाही लागेनात. मोतीबिंदू निघाला.

जिना उतरताना मी अजूनही मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून पायरी बघते. तिथे सात महिन्यांत काहीच फरक नाही.